बोलेरोच्या टपावरचा अँटेना

2018 च्या दिवाळीत माझा पुतण्या अमेरिकेहून गावी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत माझ्यासाठी मोटारीत बसवायच्या उपग्रह रेडिओचा एक वापरलेला संच होता. तो मीच मागवला होता. त्याने तिकडची जुनी गाडी विकायला काढली होती आणि तिच्यातला हा संच नव्या गाडीला नको होता, हे फोनवर बोलता बोलता निघाले. तेव्हा मी फारसा विचार न करता त्याला सांगितले, की तो टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये, माझा अर्धा दिवस गाडीतच जातो. उपग्रह आकाशात असतो आणि आकाश आमच्याकडे मुबलक आहे, एवढाच माझा त्या वेळचा हिशेब होता.

मी खासगी पशुवैद्यक आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला राहतो. सकाळी निघालो, की एका दिवशी रुंझा, मोहदा आणि घाटंजीकडची गावे, तर दुसऱ्या दिवशी पाटणबोरी आणि झरी जामणीपर्यंतचा भाग, अशी रोज 80 ते 100 किलोमीटरची फेरी होते. अडलेल्या गाईसाठी रात्री दोन वाजताही निघावे लागते. अशा वेळी गाडीत आपल्याशी बोलणारे कोणीतरी असावे असे वाटते, आणि ते काम रेडिओइतके चांगले कोणी करत नाही. मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप आहे, पण झरीच्या पुढे रेंज कधी असते आणि कधी नसते, आणि तुटत तुटत येणाऱ्या बातम्या ऐकण्यापेक्षा न ऐकलेल्या बऱ्या. यवतमाळचे एफएम सपाटीवर स्वच्छ लागते, पण टिपेश्वरच्या सागवानी टेकड्यांच्या आड गाडी गेली, की त्याची खरखर सुरू होते. पाटणबोरीजवळ आदिलाबादची तेलुगू गाणी लागतात. ती मला आवडतात, पण त्यांतून पावसाचा अंदाज कळत नाही.

उपग्रह रेडिओची ओढ मला आधीपासून होती आणि तिचे कारण वर्ल्डस्पेस. मार्च 2000 मध्ये एशियास्टार नावाचा उपग्रह खास रेडिओसाठी अवकाशात सोडण्यात आला आणि त्याच्यावरून वर्ल्डस्पेसची सेवा भारतात सुरू झाली. मी 2006 साली नागपूरहून तिचा रिसीव्हर आणला. त्याच्यासोबत हाताच्या तळव्यापेक्षा थोडा मोठा, पाटीसारखा सपाट अँटेना मिळत असे आणि तो एशियास्टारकडे, म्हणजे आमच्या भागातून आग्नेय दिशेला क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर, रोखून ठेवावा लागे. घराच्या गच्चीवर हे एकदा जमवले, की मग महिनोन्महिने बघावे लागत नव्हते. 'गंधर्व' या वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी चालत. पांढरकवड्यात बसून, मध्ये एकही जाहिरात न येता, पूर्ण वाढवलेला मारवा ऐकायला मिळणे ही त्या काळी चैनच होती.

तो रिसीव्हर मी गाडीतही वापरून पाहिला होता. तेव्हा माझ्याकडे जुनी मारुती 800 होती. गोठ्यापाशी गाडी उभी करून अँटेना बॉनेटवर आग्नेयेकडे कलता ठेवला, की सुरेख आवाज येई. मात्र तीच गाडी दहा पावले सरकवून कडुनिंबाखाली लावली, की पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्ट्या एकेक करून पुसल्या जात. चालत्या गाडीत तर रस्त्याने वळण घेतले की अँटेनाची पाठ उपग्रहाकडे होई आणि गाणे बंद पडे. ही सेवा उभ्या रिसीव्हरसाठी होती. चालत्या वाहनासाठी शहरांतून आणि आडोशाच्या जागी जमिनीवरची पूरक प्रक्षेपण केंद्रे लागतात. तशी केंद्रे भारतात उभी राहिली नाहीत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 2005 साली उपग्रह रेडिओसंबंधी शिफारशी केल्या होत्या, पण त्यातून गाडीतला उपग्रह रेडिओ काही रस्त्यावर आला नाही. वर्ल्डस्पेसच्या मूळ अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातली सेवा थांबली. तो रिसीव्हर अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्यात बाकी काही बिघाड नाही, त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही इतकेच.

या पार्श्वभूमीवर पुतण्याचा संच हातात आला, तेव्हा मला त्याच्यात पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा अँटेना. आगपेटीपेक्षा किंचित मोठी, काळी, तळाला लोहचुंबक असलेली ती डबी होती आणि तिला कुठल्याही दिशेला रोखण्याची गरज नव्हती. पुतण्याने सांगितले, की तिकडे ती टपावर ठेवतात आणि विसरून जातात. मी ठरवले, की भाऊबीज आटोपली की दुसऱ्याच दिवशी जोडणी करायची. आणि ती मी केली, पूर्ण दुपार घालवून आणि अत्यंत नीटनेटकी.

त्या जोडणीतले काही मुद्दे पुढे दुसऱ्या कामात उपयोगी पडले, म्हणून ते सविस्तर लिहितो. अशा अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो. पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो असे समजले तरी चालेल. म्हणून तो टपाच्या मधोमध बसवणे सर्वांत चांगले, आणि ते जमत नसेल तर टपाच्या कडेपासून निदान सात-आठ सेंटिमीटर आत तरी हवा. बोनेट किंवा डॅशबोर्डवर ठेवला, तर एका बाजूचे आकाश गाडीच्याच अंगाने झाकले जाते. बोलेरोचे टप पोलादी आणि जवळपास सपाट असल्यामुळे चुंबक घट्ट बसला. टपावर सामानाचा कॅरिअर असेल, तर त्याच्या नळ्यांपासून डबी दूर ठेवावी लागते. माझा कॅरिअर मी चाऱ्याचे पोते पडल्यापासून काढूनच ठेवला आहे.

खरी कसोटी तारेची असते. अँटेनाची तार सहा-सात मीटर लांब होती आणि ती कापता येत नाही, कारण तिच्या टोकाचा पिनेचा जोड कारखान्यात बसवलेला असतो. मी ती टपावरून मागच्या दाराकडे नेली, दाराच्या रबरी पट्टीखाली दाबली आणि आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला. हा झोळ दिसायला वाईट दिसतो, पण तो नसेल तर पावसाचे पाणी तारेवरून ओघळत थेट गाडीच्या आत येते. झोळ असला, की ते त्याच्या तळाशी जमून बाहेरच टपकते. आतून तार टपाच्या अस्तराच्या कडेने पुढच्या खांबापर्यंत, तिथून खांबाच्या आवरणाखाली आणि शेवटी ग्लोव्ह बॉक्सच्या मागून डॅशबोर्डपर्यंत आणली. खांबाचे आवरण काढताना क्लिप तुटण्याची खात्री बाळगावी. माझ्या दोन तुटल्या.

संचाला वीज 12 व्होल्टच्या सॉकेटातून, त्याच्याच ॲडॉप्टरमार्फत 5 व्होल्ट होऊन मिळत होती. आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत न्यायला दोन मार्ग होते. एक म्हणजे संचातला छोटा एफएम ट्रान्समीटर, जो एखाद्या मोकळ्या फ्रीक्वेन्सीवर आवाज सोडतो आणि तो गाडीच्या एफएमवर ऐकायचा. दुसरा म्हणजे साधी ऑडिओ तार डेकच्या, म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या, ऑक्स सॉकेटात घालायची. अमेरिकेत दाट वस्तीच्या शहरांत मोकळी फ्रीक्वेन्सी सापडत नाही म्हणून तारेचा मार्ग चांगला मानतात. आमच्या भागात एफएमचा पट्टा बहुतेक रिकामाच आहे, तरीही मी तारच वापरली, कारण आवाजाची गुणवत्ता तारेने चांगली राहते आणि मला त्या दुपारी काहीही अर्धवट करायचे नव्हते.

संध्याकाळी चार वाजता किल्ली फिरवली. पडदा निळा झाला, नाव उमटले आणि त्याखाली 'ॲक्वायरिंग सिग्नल' अशी अक्षरे आली. पुतण्या, त्याची आई आणि शेजारची दोन मुले खिडकीशी उभी होती. अक्षरे जाईनात. मी गाडी घराबाहेर, मग गावाबाहेर, मग एका कापसाच्या उघड्या वावरापाशी नेली, जिथे चारही बाजूंना आकाश आणि मध्ये फक्त आम्ही होतो. अक्षरे तीच. पुतण्याला आठवले, की शून्य क्रमांकाची वाहिनी लावली तर संचाचा ओळख क्रमांक दिसतो. तो मात्र चटकन दिसला, कारण त्याला उपग्रहाची गरज नसते. पुतण्या म्हणाला, "काका, रेडिओ चालू आहे, फक्त तो आपण कुठे आहोत ते मानत नाहीये."

हे मला आधीच कळायला हवे होते आणि कळले असते, जर मी संच मागवण्याआधी एकदा शांतपणे विचार केला असता. अमेरिकेत एक्सएम या कंपनीची उपग्रह रेडिओ सेवा 2001 साली आणि सिरिअसची 2002 साली सुरू झाली, आणि 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर पश्चिम रेखांश 85 आणि 115 अंशांवर स्थिर असतात. पांढरकवडा पूर्व रेखांश साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास आहे. म्हणजे 85 अंशांवरचा उपग्रह आमच्यापासून 160 अंशांहून अधिक दूर, पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगाला आहे. तो शोधायचाच असेल तर अँटेना वावराच्या मातीकडे तोंड करून धरायला हवा होता. शिवाय त्यांचे प्रक्षेपण उत्तर अमेरिकेच्या भूभागावरच केंद्रित केलेले असते. सिरिअसने सुरुवातीला वेगळी युक्ती केली होती: तिचे तीन उपग्रह लांबट, कललेल्या कक्षेत फिरत आणि आळीपाळीने उत्तर अमेरिकेच्या डोक्यावर उंच रेंगाळत, त्यामुळे उंच इमारतींच्या आणि डोंगरांच्या आडोशाचा त्रास कमी होई. पण उंच रेंगाळत तेही उत्तर अमेरिकेवरच.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार आवडली आणि ती मी पुतण्याकडून दोनदा समजावून घेतली. एकच कार्यक्रम दोन वाटांनी येतो आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा सुमारे चार सेकंद मागे असतो. गाडी पुलाखालून गेली आणि दोन्ही संकेत क्षणभर तुटले, तरी जे एका वाटेने हुकले ते दुसऱ्या वाटेने मागाहून मिळते आणि ऐकणाऱ्याला काहीच जाणवत नाही. याशिवाय शहरांत जमिनीवरची पूरक केंद्रे असतात. माझा वर्ल्डस्पेसचा रिसीव्हर कडुनिंबाखाली मुका का होत होता आणि हा संच तिकडे जंगलातून जाताना बोलका का राहतो, याचे उत्तर मला त्या कापसाच्या वावरात, दोन्ही यंत्रे निरुपयोगी झाल्यावर मिळाले.

ती डबी मी टपावरून लगेच काढली नाही, याचे कारण आळस. तिच्यामुळे एक चांगला प्रश्न मात्र ऐकायला मिळाला. झरीकडच्या एका पाड्यावर म्हशीला सलाईन लावून बसलो असताना तिच्या मालकाने ती डबी काय आहे ते विचारले आणि माझी हकिगत ऐकून म्हणाला, "सायेब, आमच्या घरच्या छत्रीवर रेडिओ लागते, मंग तुमी गाडीवर छत्री काऊन नाई बसवत?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. डीडी फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिन्यांसोबत आकाशवाणीच्या वाहिन्याही मिळतात, महिन्याचे काही पैसे लागत नाहीत, आणि आमच्या भागातल्या बहुतेक पाड्यांवर आग्नेयेकडे तोंड केलेल्या त्या छत्र्या दिसतात. तो उपग्रह, जीसॅट-15, पूर्व रेखांश साडेत्र्याण्णव अंशांवर आहे, म्हणजे आपल्याच आकाशात. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की त्या लहरींची वारंवारता 10 गिगाहर्ट्झच्या वर असते आणि त्या इतक्या क्षीण पोचतात, की त्या गोळा करायला दोन फुटांची वाटी लागते. आणि वाटी जितकी चांगली गोळा करते, तितकीच ती एका बिंदूकडे नेमकी रोखलेली असावी लागते. वादळाने छत्री बोटभर सरकली तरी टीव्ही जातो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. अमेरिकेतला मोटार रेडिओ 2.3 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याच्यासाठी उपग्रहच फार जोरात बोलतो, आणि म्हणून खालच्या अँटेनाला नेम धरावा लागत नाही. मी हे सगळे त्याला म्हशीच्या शिंगावर सलाईनची बाटली टांगलेल्या अवस्थेत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग नागपूर रेडिओ लावायला काय हरकत आहे.

काहीच हरकत नव्हती, हे मला आणखी आठवडाभराने पटले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 पासून आहे आणि त्याचे मध्यम लहरींवरचे, म्हणजे एएमवरचे, प्रक्षेपण 585 किलोहर्ट्झवर होते. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून सरकतात, टेकडीला वळसा घालतात आणि ओल धरणाऱ्या काळ्या मातीवरून खडकाळ जमिनीपेक्षा लांब जातात. म्हणजे ज्या जमिनीत आमचा कापूस होतो, तीच जमीन या लहरींनाही मानवते. एफएमला समोरासमोर दिसण्याची गरज असते, उपग्रहाला मोकळ्या आकाशाची. मध्यम लहरीला यातले काही लागत नाही. तिला लागतो तो खरखर न करणारा परिसर आणि तिला मान देणारा रिसीव्हर, आणि हा दुसरा मिळणे आता अवघड झाले आहे.

माझ्या बोलेरोत जो डेक होता, त्याच्यात फक्त एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ होते. बाजारात मोठ्या पडद्याचे जे स्वस्त अँड्रॉइड डेक मिळतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत मध्यम लहर मुळात नसते, किंवा पडद्यावर 'एएम' असे बटण असते आणि आत काही नसते. यवतमाळच्या एका दुकानात मी अशा डेकवर 585 लावून दाखवायला सांगितले, तेव्हा दुकानदाराने मला सांगितले की ते स्टेशन बंद झाले. मी खिशातला ट्रान्झिस्टर काढून काउंटरवर लावला. पुढे बोलणे वाढले नाही.

निवड करताना मी एकच कसोटी ठेवली: डेकमध्ये मध्यम लहर खरी असली पाहिजे आणि ती 9 किलोहर्ट्झच्या पायरीने सरकली पाहिजे. ही दुसरी अट किरकोळ वाटते, पण पुतण्याने दुसऱ्यांदा मदत करू पाहिली तेव्हा तिचे महत्त्व कळले. तो म्हणत होता, की तिकडून चांगल्या प्रतीचा डेक पाठवतो. अमेरिकेत मध्यम लहरींची स्टेशने 10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, त्यामुळे तिकडचा डेक 580 वरून थेट 590 वर जातो आणि 585 त्याला सापडतच नाही. एफएमचेही तसेच: तिकडे दशांशानंतर विषम अंक येतो, म्हणजे 100.5 नंतर 100.7, आणि नागपूरची विविध भारती 100.6 वर आहे. काही डेकमध्ये प्रदेश बदलण्याची सोय असते, काहींत नसते. घेण्यापूर्वी ते विचारणे आवश्यक आहे, आणि विचारण्यापेक्षा लावून पाहणे जास्त आवश्यक. काही नव्या गाड्यांत कारखान्यातूनच डीआरएम पद्धतीचा डिजिटल रेडिओ येतो; पण माझी बोलेरो 2012 ची आहे आणि ती बदलण्याचा माझा विचार नाही.

शेवटी नागपूरला एका जुन्या दुकानात साधा, एका ओळीच्या पडद्याचा, फिरवायची गोल कळ असलेला डेक साडेचार हजारांत मिळाला. गोल कळ हा माझा हट्ट होता. खड्ड्यांच्या रस्त्यावर गुळगुळीत पडद्यावर बोट नेमके ठेवता येत नाही आणि त्या नादात नजर रस्त्यावरून हटते.

बसवण्यासाठी पांढरकवड्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. माणूस हुशार, हात सफाईदार, पण सवयी जुन्या. डेकच्या मागच्या तारांचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात: पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली, लाल तार किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी म्हणजे अर्थिंग, आणि निळी अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला वीज देणारी. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, की दर वेळी किल्ली बंद करताच डेक सगळी साठवलेली स्टेशने विसरतो. माझ्या आधीच्या डेकला हाच विसराळूपणा होता आणि मी सहा वर्षे त्याला डेकचा स्वभाव समजत होतो. इलेक्ट्रिशियनने जुनी जोडणी उघडली, दोन तारांकडे बघितले आणि हसला.

स्पीकरपाशी मात्र त्याला थांबवावे लागले. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन्ही स्पीकरचा एकएक वायर बॉडीले देऊन देऊ का? वायर वाचते." जुन्या डेकमध्ये हे चालत असे. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर आवाज चढवलेला असतो आणि त्यातली कुठलीही गाडीच्या अंगाला लागली, तर डेकचा ॲम्प्लिफायर जळण्याची भीती असते. मी डब्यावरचे चित्र त्याच्यापुढे धरले. त्याने ते बघितले, दोन स्वतंत्र तारा ओढल्या आणि त्यांचे पैसे वेगळे लावले, जे योग्यच होते.

एफएम लगेच लागले. 585 वर नागपूर ऐकू आले, पण इतके बारीक, की माझा खिशातला ट्रान्झिस्टर त्याच्यापुढे मोठा वाटावा. आणि इंजिन सुरू केले की त्यावर एक शिट्टी चढे, जी ॲक्सिलरेटर दाबला की उंच जाई. शिट्टी इंजिनाच्या गतीबरोबर चढत-उतरत असेल, तर ती अल्टरनेटरची असते आणि बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये असतो. काळी तार डॅशबोर्डमागच्या एका रंगवलेल्या पट्टीला स्क्रूने लावली होती. ती काढून, तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत केला आणि दात असलेला वॉशर घालून तार पुन्हा आवळली. शिट्टी जवळजवळ गेली.

आवाज मात्र बारीकच राहिला. इथे मला त्या अमेरिकन डबीचा धडा आठवला, की पत्रा हा अँटेनाचा अर्धा भाग आहे. बोलेरोचा मूळ अँटेना उभ्या दांड्याचा आहे. तो बुडापाशी उघडला तर अँटेनाच्या तारेवरची जाळी जिथे गाडीच्या पत्र्याला टेकायला हवी, तिथे सहा पावसाळ्यांचा गंज होता. एफएमला अशी अर्धीमुर्धी जोडणी कशीबशी चालते, कारण पाऊण मीटरचा दांडा त्या लहरींना स्वतःच पुरेसा असतो. मध्यम लहरीची लांबी पाचशे मीटरच्या घरात असते, तिच्यापुढे आपला दांडा म्हणजे काडी, आणि जे काही मिळते ते वाटेत गमावून चालत नाही. गंज घासून काढला, जाळी पुन्हा डाग देऊन जोडली, ग्रीस लावले. त्यानंतर किल्ली फिरवली तेव्हा नागपूरची निवेदिका गाडीत बसूनच बोलते आहे असे वाटले. इलेक्ट्रिशियनने हातातला स्पॅनर खाली ठेवला आणि म्हणाला, "हे एवढं चांगलं लागते? मले वाटलं ते फक्त म्हाताऱ्यांसाठी हाय." माझे वय 58 आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

टपावर चिकटवायचे शार्कच्या पंखासारखे काळे अँटेना हल्ली दुकानात मिळतात आणि तरुण मुले ते हौसेने लावतात. त्यातले पुष्कळ निव्वळ शोभेचे असतात. आत तार नसते. मूळ दांडा काढून तसा पंख लावलेली गाडी घेऊन कोणी रेडिओ लागत नाही म्हणून आले, तर आमचा इलेक्ट्रिशियन आता आधी पंख उचलून बघतो.

शेवटचा शत्रू मला पंधरा दिवसांनी सापडला. रुंझ्याच्या रस्त्यावर एका दुपारी अचानक 585 वर मधमाश्यांचे पोळे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. मी हेडलाइट बंद-चालू केले, वायपर लावून पाहिले, इंजिन बंद करून पाहिले, आवाज तसाच. मग सॉकेटात लावलेला मोबाइलचा स्वस्त चार्जर उपटला आणि सगळे शांत झाले. 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करण्यासाठी असला चार्जर सेकंदाला हजारो वेळा विजेची उघडझाप करतो, आणि त्याची गळती मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरते. गंमत अशी, की पुतण्याने दिलेल्या संचाचा ॲडॉप्टरही हेच काम करतो, पण त्याच्यातून असा आवाज येत नाही. त्याला आत चांगले फिल्टर आहेत. मी आता मोबाइल त्याच ॲडॉप्टरवर, टोकाची पिन बदलून घेऊन, चार्ज करतो. इतका खटाटोप करून आणलेल्या त्या संचाचा एवढा भाग तरी कामाला लागला.

रात्रीचा अनुभव निराळा आहे. सूर्य मावळला, की मध्यम लहरी वरच्या वातावरणातून परतून दूरवर जातात आणि पाटणबोरीच्या रस्त्यावर हैदराबादसह आणखी तीन-चार भाषा एकमेकींत मिसळतात. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी 1988 पासून नागपूरहून 1566 किलोहर्ट्झवर रात्री चालत असे आणि माझ्या रात्रपाळ्यांची ती जुनी सोबतीण होती. डेक बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात एका रात्री, पहाटे तीनच्या सुमारास मोहद्याहून परतताना, मी ती लावली आणि पूर्ण रस्ताभर ऐकली. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच ती बंद झाली. 1566 हा आकडा मी डेकमधून पुसलेला नाही. सहाव्या बटणावर अजून तो आहे.

अमेरिकन डबी टपावर होती तिथे तिच्या चुंबकाखाली ओल धरून रंगाला फोड आला आहे, हे मागच्या आठवड्यात गाडी धुताना दिसले. तिथे रंग लावून घ्यायचा आहे, आणि मृग लागण्याआधी अँटेनाच्या बुडाशी पुन्हा एकदा ग्रीस.